अमॅच्युअर चाचा

चाचांशी बोलायचं म्हणजे मान गरागरा फिरवत बोलावं लागे, कारण आमच्या घरी आले तरी ते सायकलवरून उतरत नसत. दुबईत देरातल्या आमच्या घराला छोटं अंगण होतं, पाणी मारून मारून टणक केलेलं, आणि मधोमध पाण्याचं पिंप. चाचा मीठ मागायला आले की मी मीठ आणेपर्यंत त्या पिंपाभोवती फेऱ्या मारत राहायचे. "भाभी, मीठ असेल तर..." एवढं बोलून ते पिंपाच्या पलीकडे जायचे आणि पुन्हा समोर आले की पुढचं, "...मूठभर द्या. आज वारा समुद्राकडून..." परत गायब. "...आहे. सुरमई घेऊ नका, शिळी असणार." वाऱ्याचा आणि सुरमईचा काय संबंध, हे विचारायला मी तोंड उघडेपर्यंत ते एका हातात मिठाची पुडी, दुसऱ्या हातात हँडल, असे दाराबाहेर पडलेले असायचे.

मी सांगतेय ते साठच्या दशकातलं. तेव्हा या देशाचं आजचं नावसुद्धा पडलेलं नव्हतं. दुबई म्हणजे एक खाडी, खाडीच्या दोन्ही बाजूंना बाजार, आणि बाजारामागे वाळू. आमच्या रत्नागिरीकडची बरीच घरं तिथे कामाला होती. आमचे हे एका शिपिंगच्या ऑफिसात कारकून होते. घरात आम्ही दोघं आणि यांची थोरली बहीण, आपा. आपा तिशीतच विधवा झालेली. माहेरी सगळ्यांचं ऐकून घ्यायचा कंटाळा आला म्हणून ती आमच्याकडे आली होती, आणि आता आम्ही सगळे तिचं ऐकत होतो.

चाचा शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे, लग्न न केलेले. खेड तालुक्यातले. नात्याने ते कुणाचेच चाचा नव्हते, पण अख्खं देरा त्यांना चाचा म्हणायचं. चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस, पण टक्कल लवकर पडलेलं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. एका शेठच्या पेढीवर ते कामाला होते. तांदूळ, चहा, काड्यापेट्या असा पेढीचा व्यापार. चाचांचं काम कागदपत्रं घेऊन पेढीतून कस्टममध्ये आणि कस्टममधून पेढीत जाणं.

हे काम ते सायकल खांद्यावर घेऊन करायचे.

नवीन माणसाला वाटायचं, वाळूमुळे असेल. वाळूत सायकल चालत नाही हे खरं. पण खाडीच्या कडेचा रस्ता चांगला घट्ट होता, आणि तिथेसुद्धा चाचा गळ्यात ऑफिसची चामडी बॅग, खांद्यावर खाली वाकलेल्या हँडलची रेसची सायकल, असे भर उन्हात घामाने निथळत पायी चाललेले दिसायचे. ऑफिस सुटलं की त्याच रस्त्यावर सायकल खाली ठेवून टांग मारायचे आणि रात्री झोपेपर्यंत उतरायचे नाहीत.

मी एकदा न राहवून विचारलं, "चाचा, हे उलटं का?"

चाचांनी पिंपाभोवती एक आख्खी फेरी मारली. मग म्हणाले, "भाभी, मी अमॅच्युअर आहे."

मला वाटलं हा काहीतरी आजार असेल. मी आपाकडे बघितलं. आपा तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "त्याला औषध नाही."

तर झालं होतं असं. हिंदुस्थानात असताना चाचा खरोखरच चांगले सायकलपटू होते आणि परदेशात भरलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी देशाच्या टीममध्ये त्यांची निवड झाली होती. रस्त्यावरची लांब पल्ल्याची शर्यत. त्या काळी अशा स्पर्धांत फक्त अमॅच्युअर, म्हणजे हौशी लोकच भाग घेऊ शकायचे. सायकल चालवून ज्याने एक पैसा जरी कमावला असेल तो प्रोफेशनल ठरायचा आणि त्याला बाहेर काढायचे. बोटीने जाताना चाचांची सायकल चुकून दुसऱ्याच बंदरात उतरवली गेली. मग तिथे कुणाची तरी उसनी सायकल मिळाली, ती एका उंच माणसाची. चाचांचे पाय पायडलला जेमतेम टेकायचे. "अर्धी शर्यत मी डावीकडे बसून मारली, अर्धी उजवीकडे," ते सांगायचे. ते शेवटचे आले. म्हणजे इतके शेवटचे की स्टेडियमच्या दरवाजाला कुलूप लागलं होतं. पहारेकऱ्याने कुलूप काढून दिलं. आत एक झाडूवाला झाडत होता. चाचांनी शेवटची फेरी मारताना त्याने झाडू उचलून वाट दिली.

यातलं काहीही ते लपवून ठेवत नसत. उलट छाती काढून सांगायचे. आणि शेवटी सांगायचे ते महत्त्वाचं: परत आल्यावर निवड करणाऱ्या साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ते म्हणाले, "तयार राहा. पुढच्या वेळी बघू."

साहेब बहुधा सगळ्यांनाच असं म्हणाले असतील. चाचा मात्र तयार राहिले. बोलावणं कधीही येईल, आणि आलं तेव्हा आपण प्रोफेशनल निघालो तर? म्हणून ड्यूटीवर असताना सायकलवर बसायचं नाही. पगार चालू असताना पायडल मारलं तर तो पैसे घेऊन सायकल चालवल्यासारखा गुन्हा, असा त्यांचा हिशेब.

"मग ती खांद्यावर कशाला नेता? घरी ठेवा," आमचे हे म्हणाले.

"आणि सुटल्यावर परत घरी येऊन घेऊन जाऊ? तेवढ्यात प्रॅक्टिसचा वेळ गेला ना!"

आमचे हे चहा मागायला आत आले.

चाचांच्या या धर्मात आणखी कलमं होती. सायकलीचं कौतुक करून कुणी चहा दिला तर ते पीत नसत, कारण तो सायकलमुळे झालेला फायदा. आपाच्या हे लक्षात आलं तेव्हापासून ती चहा देण्याआधी सायकलीला शिव्या घालायची. "कसलं हे भंगार! भंगारवाला फुकटसुद्धा नेणार नाही. घ्या, चहा घ्या." चाचा खूश होऊन कप घ्यायचे. एकदा आपाचं डोकं दुखत होतं आणि ती काही न बोलता चहा ठेवून गेली, तर चाचा कपाकडे बघत फेऱ्या मारत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "चाचा, चेन फार करकरते हो तुमची." तेव्हा कुठे कप उचलला गेला.

मी हे माझ्या नातवंडांना सांगते. ती अबू धाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहतात, त्यांच्याकडे प्रत्येकाची वेगळी सायकल आहे आणि ती बाल्कनीत धूळ खात पडली आहे. धाकटी म्हणते, "नानी, दॅट इज सो सिली." मी म्हणते, होय बेटा, सिलीच. पुढे ऐक.

एका वर्षी ईद हिवाळ्यात आली. देरातल्या सगळ्या पेढ्यांचे कारकून मिळून ईदला काहीतरी खेळ ठेवायचे. त्या वर्षी सायकलची शर्यत ठेवायचं ठरलं. देरातून निघायचं, शारजापर्यंत जायचं, परत यायचं. तेव्हा तिकडे जायला डांबरी रस्ता नव्हता. समुद्राकडेने आपल्याकडच्या मिठागरासारखी सपाट कडक जमीन, तिच्यावरून गाड्यांची चाकोरी गेलेली. नावं आली ती अशी: शारजाच्या ब्रिटिश छावणीतले दोन गोरे शिपाई, एक सुदानी मास्तर, एक पाकिस्तानी शिंपी, आणि मुराद. मुराद हा इराणी, आमच्या गल्लीतल्या बेकरीत कामाला, रोज सकाळी सायकलवरून घरोघर रोटी पोचवणारा. नाकीडोळी नीटस, बोलायला एकदम कमी. आणि सहावे आमचे चाचा.

ही यादी ऐकून चाचा हरखले. "भाभी, हे तर इंटरनॅशनल झालं!"

आणि इंटरनॅशनल म्हटल्यावर नियम आले. चाचा स्वतःच नियमांचे प्रमुख झाले. संध्याकाळी ते एकेका स्पर्धकाकडे गेले आणि त्याच्याभोवती फेऱ्या मारत त्याची चौकशी करून आले. गोऱ्या शिपायांनी हसून "नो मनी, नो मनी" म्हटलं. मास्तर आणि शिंपी पास झाले. घोडं अडलं ते मुरादपाशी. तो सायकलवरून रोटी पोचवतो, त्याचा पगार घेतो. म्हणजे हा तर शंभर टक्के प्रोफेशनल!

आमच्या अंगणातच बैठक बसली. मुराद उकिडवा बसून सगळ्यांची तोंडं बघत होता. आमचे हे म्हणाले, "अहो, त्याला पगार रोटीचा मिळतो."

"पण रोटी कशावरून जाते?"

"तुम्हीही पेढीत चालत जाता, मग तुम्ही काय चालण्याचे प्रोफेशनल झालात?" आपा आतून ओरडली.

चाचा एकदम ब्रेक लावून थांबले. पाय जमिनीला टेकला. हे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "झालो," ते गंभीरपणे म्हणाले. "चालण्याच्या शर्यतीत मी आता भाग घेऊ शकत नाही."

शेवटी मुरादलाच विचारलं. तो तुटक्या हिंदीत म्हणाला, "सायकल का पैसा नहीं मिलता. पंक्चर होता, मालिक मेरा पैसा काटता." म्हणजे सायकल चालवून तो कमवत नव्हता, उलट गमावत होता. चाचांनी सायकलवरूनच वाकून त्याला मिठी मारली. असा शुद्ध अमॅच्युअर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

मग कळलं की बाजारातल्या एका व्यापाऱ्याने पहिल्या नंबराला बक्षीस ठेवलंय, घासलेटवर चालणारा फ्रीज.

आता तुम्हाला फ्रीजचं काय वाटणार? तेव्हा आमच्याकडे पाणी गाढवावरून डब्यांतून यायचं आणि उन्हाळ्यात ते डब्यातच उकळायला आल्यासारखं व्हायचं. मला तिसरा महिना लागला होता. मूल भर उन्हाळ्यात होणार, दूध दुपारपर्यंत टिकत नाही, आणि इथे गल्लीच्या टोकाला पांढराशुभ्र फ्रीज उभा. मी दोनदा जाऊन त्याचं दार उघडून बघून आले. आत हात घातला की गार लागायचं.

आमचे हे म्हणाले, "चाचा, जिंका. फ्रीज आपल्या अंगणात."

"जिंकेन, इन्शाल्ला. फ्रीज घेणार नाही. घेतला की खलास, प्रोफेशनल."

"अहो, भाभीकडे बघा तरी!"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. खरंच वाईट वाटलं त्यांना. म्हणाले, "भाभी, कप दिला असता तर घेऊन तुम्हाला दिला असता." मी म्हटलं, कपात दूध गार राहत नाही चाचा. ते मान खाली घालून चार फेऱ्या जास्त मारून गेले.

शर्यतीच्या सकाळी आम्ही सगळे एका पिकअपमध्ये बसून निघालो. आमचे हे घड्याळ घेऊन पुढे, मागे मी आणि आपा, सोबत पाण्याचे डबे आणि उकडलेली अंडी. चाचा लोकरीची जुनी जर्सी घालून आले होते, छातीवर कसरीने खाल्लेला टीमचा बिल्ला. सुटताना सगळे एका ओळीत उभे राहिले. कुणीतरी "यल्ला!", म्हणजे चला, असं ओरडलं आणि दोघे गोरे जे सुटले ते धुळीचा ढग झाले. चाचा चौथे होते. मागे फक्त सुदानी मास्तर आणि शिंपी. मास्तरांचा पायघोळ झगा पहिल्याच वळणावर चेनमध्ये गेला; शिंपी शिवून द्यायला थांबला आणि दोघं परतले.

शारजाहून परत फिरेपर्यंत गोरे खूप पुढे, मग मुराद, मग चाचा. मी मनात म्हटलं, गेला फ्रीज छावणीत. पण परत येताना भरती आली होती आणि समुद्राचं पाणी चाकोरीवर चढलं होतं. लांबच लांब पाण्याचा पट्टा, गुडघाभर. गोऱ्यांनी तसंच दामटलं. मध्यावर चिखलात चाकं रुतली, दोघं पाण्यात आडवे. मग ते उठून सायकली ओढायला लागले तर त्या निघेनात. मुराद काठावर थांबून पाण्याकडे बघत होता.

चाचा आले. न थांबता उतरले, सायकल खांद्यावर टाकली आणि चालू लागले. वर्षानुवर्षांची सवय ती! पाण्यातून ते असे सरसर गेले की जणू कस्टमला उशीर झालाय. गोऱ्यांजवळून जाताना त्यांनी त्यांना "गुड मॉर्निंग" म्हटलं. पलीकडे सायकल ठेवली, टांग मारली, आणि निघाले. ते बघून मुरादनेही आपली जड सायकल खांद्यावर घेतली आणि धडपडत मागे निघाला.

आपा पिकअपमध्ये उभी राहिली. "चला, चला, पळा!" ती ओरडत होती आणि हातातलं अंडं हवेत हलवत होती. आमच्या यांनी काचेतून मागे बघितलं. आपल्या बहिणीला असं त्यांनी कधी पाहिलं नसावं.

आमची पिकअप लांबच्या वाटेने वळसा घालून देरात पोचली तेव्हा चाचा शेवटच्या सरळ रस्त्याला लागले होते. मुराद बराच मागे होता. सगळा बाजार जमलेला, ढोल वाजतोय. शर्यत संपण्याच्या जागी दोन खांब, आणि खांबांवर भलामोठा कापडी फलक. चाचा पुढे आहेत ही बातमी कुणीतरी पेढीवर पोचवली होती आणि शेठनी आनंदाच्या भरात दुकानातला फलक आणून तिथे बांधला होता. इंग्रजीत आणि अरबीत पेढीचं नाव, आणि खाली: आमच्याकडे उत्तम तांदूळ मिळेल.

चाचांनी मान वर करून ते वाचलं. आणि फलकापासून हातभर अंतरावर सायकल वळवली.

लोकांना वाटलं, विजयाची फेरी असेल. टाळ्या पडल्या. चाचांनी दुसरी फेरी मारली. तिसरी मारली. शेठ पुढे धावले. "अरे भाई, अंदर आओ! एक फूट बाकी है!"

"आधी हे काढा."

"क्यों काढा? मेरी पेढी है! तू मेरा आदमी है!"

"पेढीत. इथे मी अमॅच्युअर. तांदळाखालून गेलो तर जाहिरात होईल."

शेठ फेऱ्या मारणाऱ्या चाचांच्या मागे गोल गोल पळायला लागले. ते जाडे, धोतर सावरत, "अरे सुन, अरे रुक" करत, आणि चाचा हळूच वेग कमी करत, त्यांना दम लागू नये म्हणून. लांबून मुरादचा ठिपका मोठा होत होता. आता शेठच्या आवाजात रडवेलेपण आलं. त्यांनी दोन हमालांना खांबांवर चढवलं. पण कापड ओलं करून ताणून बांधलेलं, सुकून गाठी अशा आवळलेल्या की दातांनी सुटेनात. "सुरी आणा!" शेठ ओरडले. आपा ओरडली, "अहो रेसवाले, डोळे मिटून जा खालून!" सगळं देरा ओरडत होतं, "यल्ला चाचा, यल्ला!"

चाचा म्हणाले, "डोळे मिटले तरी तांदूळ तिथेच असेल ना!"

मुराद आला. चाचांना फेऱ्या मारताना बघून तो गोंधळला आणि त्याला वाटलं, शेवटी फेऱ्या मारायच्या असतील. तोही चाचांच्या मागे गोल फिरायला लागला. चाचांनीच त्याला ओरडून सांगितलं, "अरे तू जा! सीधा जा! तेरे को चलता है!" मुराद सरळ गेला. पहिला आला.

मग सुरी आली, फलक खाली पडला, आणि चाचा कुणीही बघत नसताना रेषा ओलांडून गेले. सगळी गर्दी मुरादला खांद्यावर घेऊन नाचत होती. बघत नसताना म्हटलं, पण आपा बघत होती. ती एकटीच टाळ्या वाजवत होती, आणि तोंडाने शिव्या देत होती.

मुराद बेकरीच्या मागच्या खोलीत सहा जणांत राहायचा. तिथे भट्टीची धग, फ्रीज ठेवायला जागाही नाही. दोन दिवसांनी तो आणि बेकरीतले चौघं फ्रीज उचलून आमच्या दारात आले. "भाभी, इधर रखो. मेरा है, लेकिन तुम वापरो." मी त्याला रोज गार दूध देईन म्हटलं. रोज संध्याकाळी तो यायचा, फ्रीजसमोर बसायचा, दार उघडून आत बघायचा आणि समाधानाने परत बंद करायचा. त्याची स्वतःची एकच वस्तू त्यात होती, ईदचे नवे बूट. उन्हाने चामडं तडकतं म्हणे. मी कपड्यात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवले. दुधाशेजारी बूट, पण मालकाला काय बोलणार?

उन्हाळा आला. सगळी गल्ली आमच्याकडे गार पाणी प्यायला यायची. चाचा पीत नसत. फ्रीज सायकलीमुळे आलेला, मग त्यातलं पाणी पिणं म्हणजे बक्षिसात हिस्सा घेणं. डोक्यावर ओलं फडकं टाकून ते डब्यातलं कढत पाणी प्यायचे आणि फ्रीजकडे पाठ करून फेऱ्या मारायचे, म्हणजे अर्धी फेरी पाठ असायची आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत डोळे मिटायचे. त्यात दोनदा पिंपावर आदळले.

आपाने सगळं करून बघितलं. फ्रीजला शिव्या घातल्या. पाणी बाहेर ठेवून अर्धवट गरम करून दिलं. चाचांनी वास घेतला आणि म्हणाले, "यात फ्रीज आहे." त्या दिवशी आपा रात्री जेवली नाही. मला तेव्हा कळलं की हे प्रकरण चहापलीकडे गेलंय.

मला कळा सुरू झाल्या तेव्हा भर दुपार होती. आमचे हे बाहेर समुद्रात नांगरलेल्या बोटीवर गेले होते, संध्याकाळशिवाय लाँच परतणार नव्हती. दाई राहायची पार दुसऱ्या टोकाला. आपा तशीच धावत बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी चाचा, गळ्यात पेढीची बॅग, खांद्यावर सायकल.

आपाने मला नंतर सांगितलं ते असं. ती म्हणाली, "दाईला आणा. आत्ता."

चाचा म्हणाले, "धावत जातो."

"धावत? तिची वेळ झालीय!"

"मी ड्यूटीवर आहे."

आपा म्हणते, मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. चाचांनी तिच्याकडे बघितलं, गळ्यातल्या बॅगेकडे बघितलं. मग सायकल खांद्यावरून खाली घेतली, जमिनीवर ठेवली, तिच्या सीटवर क्षणभर हात ठेवला, आणि टांग मारली.

पेढीची बॅग पाठीवर उडतेय आणि चाचा ऑफिसच्या वेळेत बाजारातून सायकल मारतायत, हे बघून दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. शेठ गादीवरून उठून दारात आले. कुणी तरी म्हणालं, आग लागली असणार. दाई बलुची, वजनदार बाई. ती म्हणाली, या उन्हात मी पाऊल टाकणार नाही. चाचांनी तिथल्या पाणीवाल्याच्या गाढवावरचे डबे उतरवले, तिला वर बसवलं, गाढवाचा दोर आपल्या सीटखाली बांधला आणि निघाले. मी आतून कळा देत असताना मला बाहेर सायकलची घंटा, गाढवाचं ओरडणं आणि दाईच्या बलुची शिव्या असं एकत्र ऐकू आलं. जीव जात होता तरी मला हसू फुटलं. दाई म्हणाली, हसतेस तर मग लवकर होईल. झालीच. मुलगी झाली.

संध्याकाळी आमचे हे परतले तेव्हा चाचा अंगणात जमिनीवर बसलेले. सायकल भिंतीला उलटी टेकवलेली, डोकं गुडघ्यात.

हे धावत त्यांच्याजवळ गेले. "चाचा... काय झालं?"

चाचांनी मान वर केली. डोळे लाल. "खलास," ते म्हणाले. "सगळं खलास झालं."

आमचे हे तिथेच खाली बसले. भिंतीला डोकं टेकून रडायलाच लागले. चाचा सरकून त्यांच्याजवळ गेले, त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "नको रडूस. मी तरी कुठे रडतोय? इतकी वर्षं जपलं, पण ड्यूटीवर पायडल मारलं. पगारी वेळेत. मी आता प्रोफेशनल झालो."

यांनी रडणं थांबवलं. "आणि माझी बायको?"

"भाभी? ती आत झोपलीय. मुलगी झाली. छान आहे, नाक तुझ्यावर गेलंय."

आमचे हे सौम्य माणूस. पण त्यांनी त्या दिवशी पायातली चप्पल काढून चाचांच्या मागे अंगणात तीन फेऱ्या मारल्या, आणि चाचा सायकलशिवाय पळत होते. आपा दारात उभी राहून हसून हसून खाली बसली. मग ती उठली, फ्रीज उघडला, पितळी भांड्यात काठोकाठ गार पाणी भरलं आणि चाचांसमोर धरलं. या वेळी फ्रीजला एकही शिवी घातली नाही.

चाचांनी भांडं दोन्ही हातांनी घेतलं. प्यायले. डोळे मोठे झाले. "एवढं गार असतं?" ते म्हणाले. "आणि तुम्ही सगळे रोज हे पीत होता?"

"आणखी हवं?"

"द्या ना. आता काय!"

रात्रीपर्यंत ते इतकं पाणी प्यायले की मुरादचे बूट सोडून फ्रीजमध्ये काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून चाचा बदललेच. ऑफिसला सायकलवरून जायला लागले. शेठ खूश, कागद दुपारच्या आत कस्टममधून परत यायला लागले. रेसच्या सायकलीला त्यांनी मागे कॅरियर लावून घेतला. कौतुकाचा चहा प्यायला लागले, मासे घेऊन यायला लागले, अंगणात आले की उतरून बसायला लागले. आणि पावसाळ्यात गावी जाऊन आल्यावर त्यांनी यांच्याकडे आपासाठी शब्द टाकला. आपाला विचारलं तर ती तांदूळ निवडत म्हणाली, "आता बेकार तर नाहीत ना? प्रोफेशनल आहेत."

निकाह साधाच झाला. मुराद नवे बूट घालून आला होता. बूट इतके गार होते की तो सारखा एक पाय वर उचलत होता.

पुढच्या ईदला परत शर्यत ठेवली. चाचांचं नाव आलं तेव्हा त्यांनी स्वतःच हात वर करून सांगितलं की मी हौशी लोकांबरोबर पळू शकत नाही, नियम म्हणजे नियम. मग त्यांच्यासाठी वेगळा गट काढला, प्रोफेशनल. गटात तेच एकटे. बाकीचे सुटून धूळ खाली बसली की त्यांना सोडायचं ठरलं. ते सुटले आणि सगळे परत येऊन, बक्षिसं वाटून, ढोलवाले घरी गेले तरी आले नाहीत. वाटेत त्यांनी मासेवाल्यांशी गप्पा मारल्या, शारजाला एका ओळखीच्या घरी जेवले, आणि परतीला वारा पाठीवर यावा म्हणून थांबून राहिले.

उन्हं उतरता उतरता ते आले. आम्ही तिघं, कडेवरची मुलगी, मुराद आणि शेठ, एवढेच थांबलो होतो. शेठनी प्रोफेशनल गटाचं बक्षीस म्हणून एक जिवंत कोंबडा आणला होता, लालभडक तुऱ्याचा. चाचांनी रेषा ओलांडली, उतरले आणि कोंबडा दोन्ही हातांत घेतला. आयुष्यात मिळालेलं पहिलं बक्षीस. कोंबड्याने लगेच त्यांच्या बोटाला चोच मारली.

आपा म्हणाली, "काय हो, पहिले आलात की शेवटचे?"

चाचांनी कोंबडा काखेत मारला. म्हणाले, "दोन्ही."

मग आपा कॅरियरवर बसली, कोंबडा मांडीवर घेतला, आणि दोघं निघाले. संध्याकाळ झाली होती तरी त्या कोंबड्याला काय वाटलं कोण जाणे, तो खाडीकडेने जाताना जो आरवायला लागला तो थेट घर येईपर्यंत थांबला नाही, आणि दुकानदार एकेक करून बाहेर येऊन बघत राहिले.